हायड्रोजन बंध मुलांना शिकवायचाय? मग वही मिटा आणि ओट्यापाशी या

पाणी उकळताना जे बुडबुडे येतात ना, त्यांच्यात काय असतं? मी घरी नववी-दहावीची शिकवणी घेते आणि दरवर्षी पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारते, आणि दरवर्षी निम्मी पोरं एकच उत्तर देतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यांचंही बरोबरच आहे एका अर्थी, पाणी म्हणजे दोन हायड्रोजन एक ऑक्सिजन हे इतकं घोकून घेतलेलं असतं की तापवलं म्हणजे ते सुटे होणार असंच वाटतं. पण बुडबुड्यात असते पाण्याचीच वाफ. सुरुवातीला कडेकडेने जे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात ती पाण्यात विरघळलेली हवा, आणि नंतर खदखदतात ते वाफेचे. हायड्रोजन वेगळा झालाच नाही कुठे. तसा तो सुटत असता तर पेटत्या गॅसवर चहा ठेवायची कुणाची हिंमत झाली असती?

ही एक चूक सुधारली की पाण्याचा अख्खा धडा सरळ होतो, म्हणून सगळं शिकवणं मी याच एका गोष्टीभोवती लावते. पाण्यात दोन वेगवेगळे बंध आहेत, एक रेणूच्या आतला आणि एक दोन रेणूंमधला, आणि आपल्याला रोज पाण्याची जी करामत दिसते ती जवळपास सगळी दुसऱ्याची आहे. हे मुलाला नुसतं सांगून डोक्यात बसत नाही, हाताने करून बसतं. रविवारी सकाळी दोन तास काढा, पुरतात.

सामान सगळं घरातलंच. कणकेचे लिंबाएवढे पाच-सहा गोळे, रात्री भिजवलेले हरभरे, लवंगा, टूथपिक, शिवणाचा दोरा, औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर, एक रुपयाचं नाणं, कापराची एक वडी, खोबरेल तेल, मीठ, साखर, भांडी घासायचं लिक्विड, आणि मिळालं तर अळूचं एक पान. आणि हो, आदल्या रात्री एका सरळ उभ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन चतुर्थांश पाणी भरून पातळीवर मार्करने रेघ मारून, झाकण सैल ठेवून फ्रीजरमध्ये उभी ठेवा. काचेची बाटली अजिबात नको, तडकते, आणि का तडकते तेच पुढे शिकवायचंय.

आधी रेणू बनवायचा. कणकेचा गोळा म्हणजे ऑक्सिजन, दोन हरभरे म्हणजे दोन हायड्रोजन, टूथपिक अर्धी मोडून हरभरे गोळ्याला खोचायचे. इथे बहुतेक पोरं दोन हरभरे समोरासमोर सरळ रेषेत लावतात. थांबवा तिथेच. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे अडीचवर आणा आणि दाखवा, अडीच वाजता दोन काट्यांत 105 अंशाचा कोन होतो आणि पाण्याच्या रेणूतला कोन आहे 104.5, म्हणजे जवळजवळ तोच. ही अडीचची खूण पोरांच्या डोक्यातून जात नाही, परीक्षेतसुद्धा आठवते. आता गोळ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन लवंगा खोचा. त्या म्हणजे ऑक्सिजनकडे उरलेल्या इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या जोड्या, आणि त्यांच्यामुळेच हरभरे सरळ न राहता एका बाजूला ढकलले जातात.

टूथपिक म्हणजे सहसंयुज बंध, दोघांनी इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरायचे. पण भागीदारी सारखी नाही. विद्युतऋणता म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, पॉलिंग या शास्त्रज्ञाच्या मापावर ती ऑक्सिजनची 3.44 आणि हायड्रोजनची 2.20, त्यामुळे सामाईक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जास्त ओढले जातात, एकाच ताटात जेवायला बसलेल्या दोन भावांपैकी मोठा ताट आपल्याकडे सरकवतो तसं. लवंगांची बाजू किंचित ऋण, हरभऱ्यांची बाजू किंचित धन. आता इथे कोन का महत्त्वाचा ते मुलालाच विचारा. हरभरे सरळ रेषेत समोरासमोर असते तर दोन्हीकडची ओढ एकमेकांना खाऊन टाकली असती आणि रेणूला धन टोक-ऋण टोक असं काही राहिलंच नसतं, कार्बन डायऑक्साइडचं नेमकं तेच होतं. अडीचच्या कोनामुळे पाणी ध्रुवीय आहे.

असे पाच-सहा रेणू करून ताटात मांडा. आता एकाचा हरभरा दुसऱ्याच्या लवंगेसमोर आणा, मध्ये थोडी फट ठेवा आणि दोऱ्याने अगदी सैल बांधा. हा हायड्रोजन बंध. एका रेणूला असे चार जमतात, दोन त्याच्या हरभऱ्यांकडून, दोन त्याच्या लवंगांकडून. मग मुलाला सांगा, दोन रेणू धरून ओढ. दोरा सुटतो, टूथपिक हलतही नाही. हा क्षण घाईने पुढे ढकलू नका, दोन-तीनदा ओढू द्या. आतला बंध तोडायला मोलमागे, म्हणजे बंधांच्या एका ठरावीक अफाट संख्येमागे, साधारण 463 किलोज्यूल लागतात आणि बाहेरचा साधारण 20 मध्ये सुटतो, आणि अंतर बघायचं तर बाहेरचा जवळजवळ दुप्पट लांब.

मुलींना मी भोंडल्याचं उदाहरण देते. खांद्याला हात जोडलाय तो सहसंयुज बंध, आणि फेर धरताना शेजारणीचा हात धरला तो हायड्रोजन बंध. फेर मोडला म्हणून कुणाचा हात खांद्यातून निखळत नाही. पाणी उकळलं म्हणजे फेर मोडला, बस. एवढं एक चित्र मनात पक्कं झालं की बुडबुड्यांची चूक परत होत नाही, माझा अनुभव आहे. फक्त एक गोष्ट सांगायची राहू देऊ नका, की द्रव पाण्यात हा फेर सतत मोडतो आणि जुळतो, एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एखाद-दोन भागांइतका वेळ एक बंध टिकतो आणि लगेच दुसरा शेजारी धरला जातो. म्हणून तर पाणी वाहतं.

आता इतके कमजोर बंध, त्यांना एवढं महत्त्व कशाला असं चुणचुणीत पोरगं विचारणारच. त्याला आवर्तसारणी उघडून ऑक्सिजनच्या बरोब्बर खालचा चौकोन दाखवा, गंधक. गंधकाचंही दोन हायड्रोजनबरोबर तसंच संयुग होतं, हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तेच. त्याचा रेणू 34 चा, पाण्याचा 18 चा, म्हणजे जवळजवळ दुप्पट जड, तरी ते उणे 60 अंशालाच उकळून वायू होतं कारण त्याच्याकडे हायड्रोजन बंध नसल्यात जमा. हलकं पाणी मात्र 100 अंशापर्यंत धरून बसतं. ही दोऱ्याची ताकद आहे, एकेक दोरा कच्चा पण संख्या अफाट. हायड्रोजन बंध नसते तर पृथ्वीवर ना नदी, ना समुद्र, ना आपण, सगळं पाणी वायू होऊन हवेत. मला हे दरवर्षी सांगताना अंगावर काटा येतो, खरंच.

आता प्रयोग. पहिला नाण्याचा. एक रुपयाचं नाणं स्वच्छ धुऊन पुसून सपाट जागी ठेवा आणि विचारा, यावर पाण्याचे किती थेंब मावतील? पोरं आठ म्हणतात, दहा म्हणतात. ड्रॉपर नाण्याच्या अगदी जवळ धरून एकेक थेंब सोडत जा, मोठ्याने मोजत जा. पंधराच्या पुढे गेलं की खोलीत शांतता होते. पाणी नाण्याच्या कडेपर्यंत येतं आणि सांडायच्या ऐवजी वर फुगायला लागतं, डोळे ओट्याच्या पातळीला आणून आडवं बघा, काठाशी एकदम गोलाकार वळलेला घुमट दिसतो, काचेच्या भिंगासारखा, आणि प्रत्येक नवा थेंब पडला की अख्खा घुमट थरथरतो पण फुटत नाही. माझ्या हातून 28 पर्यंत गेलेत. आतल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी आहेत पण पृष्ठभागावरच्याला वरून कुणीच नाही, त्यामुळे तो आत आणि बाजूला ओढला जातो आणि पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, हाच पृष्ठताण. आता टूथपिकच्या टोकाला लिक्विडचा नुसता ओला स्पर्श करा आणि घुमटाला टेकवा. एका झटक्यात सगळं पाणी ओट्यावर. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलकट शेपूट पाण्याला नको असतं, त्यामुळे ते पृष्ठभागावर गर्दी करतात आणि फेर तिथे सैल पडतो. पृष्ठताण मीटरमागे साधारण 72 मिलिन्यूटनवरून 30 च्या आसपास येतो.

दुसरा कापराचा, आणि माझा सगळ्यात आवडता. स्टीलचं ताट गरम पाण्याने चारपाच वेळा खळखळून घ्या, आत बोट लावू नका, साबणाचा अंश राहिला तर प्रयोग फसतो. स्वच्छ पाणी भरा, पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या आणि कापराच्या वडीचे सुरीने बारीक कण पाडून वरून सोडा. कण पाण्यावर पडताक्षणी गरगर फिरायला लागतात, इकडून तिकडे धावतात, एकमेकांना चुकवतात, जिवंत असल्यासारखे. कापूर किंचित विरघळून जिकडे पसरतो तिकडचा पृष्ठताण कमी होतो, दुसऱ्या बाजूची ओढ जिंकते आणि कण तिकडे खेचला जातो. बघून मन भरलं की ज्या बोटाने पोळीला तेल लावता त्या बोटाचं टोक पाण्याला टेकवा. सगळे कण जागच्या जागी थांबतात. कापूर तोंडात जाणार नाही एवढं फक्त बघा, लहान भावंडं शेजारी असतील तर विशेष.

या कापरावरून इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1890 साली मोजमाप केलं होतं, की कण थांबवायला पाण्यावर किती पातळ तेलाचा थर पुरतो. उत्तर आलं एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दीड-दोन भाग, म्हणजे थर जवळजवळ एका रेणूच्या जाडीचा. आणि त्याच सुमारास जर्मनीत ब्राउनश्वाइगला ॲग्नेस पॉकेल्स नावाची बाई घरच्या स्वयंपाकघरात हेच काम करत होती. मुलींना तिथे तेव्हा विद्यापीठात प्रवेश नव्हता, आईवडील आजारी, घरकाम हिच्यावर. तिने पत्र्याची पसरट पन्हळ पाण्याने भरून, वर आडवी पट्टी सरकवून पृष्ठभाग कमी-जास्त करायची युक्ती काढली आणि तराजूला बटण लावून ते पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो त्यावरून पृष्ठताण मोजला. तिने रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते 1891 मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात छापायला दिलं. ही गोष्ट मी कधीच गाळत नाही, विशेषतः समोर अशी मुलगी बसली असेल जिला घरी सारखं ऐकावं लागतं की विज्ञान घेऊन काय करणार.

आता फ्रीजरमधली बाटली काढा. रेघेच्या वर बर्फ चढलेला दिसेल. रेघ तळापासून 10 सेंटिमीटरवर असेल तर साधारण एक सेंटिमीटर वर, कारण बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के जागा जास्त घेतं. हे विशेष का आहे ते कळायला खोबरेल तेल लागतं. थोडं तेल फ्रीजमध्ये थिजवून घ्या, थोडं कोमट करून वाटीत पातळ ठेवा, थिजलेला तुकडा पातळ तेलात सोडा. तळाला जातो. शेजारच्या वाटीत पाण्यात बर्फ सोडा. तरंगतो. बहुतेक पदार्थ तेलासारखेच वागतात, गोठले की आकसतात आणि जड होतात, पाणी उलटं वागतं आणि दहावीच्या पुस्तकात याच गोष्टीला पाण्याचं असंगत आचरण म्हटलंय. कारण परत भोंडल्यातच आहे. मुली नुसत्या घोळक्याने उभ्या असल्या तर कमी जागेत मावतात, पण हात लांब करून फेर धरला की अंगण कमी पडतं. बर्फात प्रत्येक रेणू बरोबर चार शेजाऱ्यांना ठरलेल्या दिशेने धरून उभा असतो, मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून बर्फाची घनता 0.917. पाणी सगळ्यात दाट असतं 4 अंशाला, त्यामुळे काश्मीरमध्ये दल सरोवर गोठतं तेव्हा वरून गोठतं आणि खाली मासे जिवंत राहतात. ही 4 अंशाची गोष्ट दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची पुस्तकातली आकृती यानंतर काढायला द्या, आधी नाही.

उष्णतेचा भाग घड्याळ लावून करा. एक कप पाणी एकाच आचेवर ठेवायचं, झाकण नाही, खळखळून उकळी फुटायला किती वेळ लागला तो लिहायचा. मग आच न बदलता पाणी अर्धं आटेपर्यंत किती वेळ गेला तो लिहायचा. मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायचं. उकळीला 3 मिनिटं लागली तर अर्धं आटायला दहा-अकरा मिनिटं जातात असा साधारण हिशेब, थोडं मागेपुढे होतं. एक ग्रॅम पाणी 25 वरून 100 अंशावर न्यायला 75 कॅलरी पुरतात, पण त्याच ग्रॅमची वाफ करायला 540. आणि एवढा वेळ आच चालू असून तापमान तिथेच, समुद्राकाठी 100, पुण्यात उंचीमुळे 98 च्या आसपास. मग ती सगळी उष्णता गेली कुठे? दोरे सोडवण्यात. हीच अप्रकट उष्मा. आणि इथेच शेवटचा खिळा ठोका, 18 ग्रॅम पाण्याची वाफ करायला लागतात सुमारे 41 किलोज्यूल आणि त्याच पाण्याचे सगळे अणू सुटे करायचे म्हटलं तर सव्वानऊशेच्या वर. घरच्या गॅसला दोरे झेपतात, टूथपिका नाही.

विशिष्ट उष्मा यातच उरकतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी, कोरड्या वाळूला साधारण तिच्या पाचव्या भागाइतकीच. दुपारी किनाऱ्यावर वाळूत पाय भाजतो आणि पाणी गार लागतं, त्यामुळेच दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे जातात. भूगोलाचं पुस्तक शेजारी ठेवा, पोरांना दोन विषय जुळलेले बघून मजा येते.

विरघळण्याचा प्रयोग साधा आहे पण नीट करा. दोन वाट्या, एकीत पाणी, एकीत तेल, दोन्हींत चिमूटभर मीठ टाकून ढवळा. तेलात मीठ तळाशी तसंच राहतं. मिठात सोडियम आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सोडियम धन आणि क्लोराइड ऋण, आयनिक बंधाने धरलेले, तिथे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेलाच नाही, सरळ देऊन टाकलाय. पाण्यात पडल्यावर रेणू लवंगेची बाजू सोडियमकडे आणि हरभऱ्याची बाजू क्लोराइडकडे करून त्यांना घेरतात आणि सुटं करून घेऊन जातात. ताटातल्या रेणूंत या दोन आयनांच्या जागी दोन मोहरीचे दाणे ठेवून मुलालाच रेणू फिरवून मांडायला सांगा, कुठली बाजू कुठे, इथे कन्फ्यूजन लगेच उघडं पडतं. 100 ग्रॅम पाण्यात मीठ साधारण 36 ग्रॅमच विरघळतं आणि साखर मात्र 200 ग्रॅमपर्यंत, म्हणून तर पाक होतो. साखरेचे रेणू तुटत नाहीत हं, अख्खेच्या अख्खे राहतात, त्यांना स्वतःचे दोरे आहेत आणि ते पाण्याशी बांधले जातात.

अळूच्या पानावर थेंब सोडून पान तिरकं करा. थेंब मण्यासारखा घरंगळतो आणि मागे ओल राहत नाही. पानावर मेणासारखा थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात, पाण्याला तिथे धरायला काही मिळत नाही म्हणून ते आपल्याआपल्यातच गोळा होतं. अळवावरचं पाणी ही म्हण पोरांनी मराठीत ऐकलेली असते, विज्ञानाच्या तासाला कुणी जोडून दाखवत नाही.

कंगवा घासून नळाची धार वाकवायचा प्रयोग सगळीकडे सांगतात, मी मात्र बंधांच्या धड्यात तो घेत नाही. एक तर पावसाळ्यात दमट हवेत कंगव्यावर भार टिकतच नाही. आणि दुसरं, रेणू ध्रुवीय म्हणून धार वाकते हे सोपं उत्तर अपुरं आहे, धारेतल्या पाण्यावरच विरुद्ध भार येतो हे त्यातलं मोठं कारण, आणि ते न सांगता घेतला तर मुलाच्या डोक्यात चुकीची जोडणी बसते.

दोन तास संपत आले की वही उघडायला सांगा आणि एकच प्रश्न द्या, माठातलं पाणी गार का होतं, आणि त्यात कुठला बंध तुटला ते आकृती काढून दाखव. मुलाने लिहायला हवं की माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होताना दोरे सुटतात, त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते, ग्रॅममागे पाचशेहून जास्त कॅलरी. आकृतीत तुटलेली रेघ दोन रेणूंच्या मध्ये असायला हवी. ती रेघ ऑक्सिजन आणि त्याच्याच हायड्रोजनच्या मध्ये काढली असेल तर रागवू नका, परत ताटातले दोन रेणू हातात द्या आणि ओढायला लावा. बरोबर आली तर पुढचा प्रश्न विचारा, नागपूरच्या मे महिन्यात माठ आणि कूलर दोन्ही मस्त चालतात, मग मुंबईत तोच कूलर लावून नुसतं चिकचिक का होतं? हवेत आधीच इतकी वाफ असली की सुटलेल्या रेणूंइतकेच जवळपास परत येऊन दोरा धरतात, हे मुलाने स्वतःहून सांगितलं तर त्या दिवशी त्याला गृहपाठ देऊ नका.